भामरेकाकांशी कुणी भांडेना

भामरेकाका रोज सकाळी चहा पिऊन, डोक्यावर टोपी चढवून भांडायला निघतात. लोक फिरायला जातात तसे.

आमच्या इंदिरानगरच्या सोसायटीला लागूनच ज्येष्ठांसाठी बांधलेली इमारत आहे. काका तिथले. पण तिथे भांडायची सोय नाही. निम्म्यांना ऐकू येत नाही आणि उरलेले दुपारपर्यंत विसरतात, अशी त्यांची तक्रार. म्हणून ते आमच्या गेटात येतात.

"ही स्कूटर कोणाची? तिरकी का लावली?"

"तुमच्या कुकरच्या पाच शिट्ट्या झाल्या. तूरडाळ तीनमध्ये शिजते. गॅस काय फुकट येतो?"

काका जन्मभर अंबडला कारखान्यात होते आणि त्यातला बराच काळ युनियनचे सेक्रेटरी. मूळचे सटाण्याकडचे, त्यामुळे आवाज चढला की अहिराणी बाहेर पडते, "हाई काय शे?" म्हणजे हे काय आहे, आणि त्यामागोमाग ठरलेलं वाक्य, "मुद्द्याला उत्तर द्या!"

पंचाईत अशी, की उत्तर कुणी देतच नाही. "हो काका. बरोबर आहे काका. पाणी घेता का?" मी तर त्यात पटाईत. एकदा म्हणाले, आमची तुळस चुकीच्या कोपऱ्यात ठेवलीय. मी लगेच कुंडी उचलली. काका भडकले, "अहो, मी उगाच बोलतोय! तसं सांगा ना मला!"

मी म्हटलं, "बरोबर आहे काका."

यंदा रंगपंचमीला चेअरमन पाटलांनी जाहीर केलं, शेजारच्या ज्येष्ठांनाही आपल्यात घ्यायचं. विचार उत्तम. घेतलं ते असं: सावलीत खुर्च्या, समोर दोरी, प्रत्येकाला एक गुलाबाचं फूल आणि कपाळाला चिमूटभर गुलाल. दोरीपलीकडे रंगाचं पिंप, डीजे आणि आमचा धिंगाणा.

काका ताडकन उठले. "हाई काय शे? आम्हाला रंगाचं पाणी का नाही? मुद्द्याला उत्तर द्या!"

"काका, थंडाई घ्या ना," पाटील लाडीगोडीने म्हणाले.

"थंडाई नको, कारण सांगा!"

कारण कुणीच सांगेना. तेव्हा काकांनी दोरी ओलांडली आणि थेट पिंपात हात घातला. पिंपापाशी माझी बायको वैशाली उभी होती. हो ला हो करणं तिच्या स्वभावात नाही, हे मी लग्नापासून अनुभवतोय.

"काका, हात काढा! मागे जिन्यात पडलात तेव्हा रिक्षा कुणी आणली? मी! आता घसरलात तर परत मीच धावायचं ना?"

"मी बोलावलं होतं तुला?"

"नाही, नुसते ओरडत होतात! आणि तो कुकर माझा आहे. पाच काय, पंधरा शिट्ट्या करीन!"

कुणीतरी डीजे बंद केला. काकांच्या तोंडावर नवरदेवाचं तेज चढलं.

"मुद्दा भरकटवू नकोस! म्हातारा झालो म्हणून रंग बंद, हे कुठल्या नियमात बसतं?"

"नियमात नाही, अकलेत बसतं!"

"ती तू शिकवणार मला?"

प्रकरण हमरीतुमरीवर आलं. खुर्च्यांवरची मंडळी दोरीखालून वाकून पुढे सरकली आणि दोन्ही बाजूंसाठी टाळ्या वाजवू लागली. शेवटी वैशाली ओरडली, "हौस आहे ना? घ्या मग!" आणि तिने अख्खी बादली काकांच्या डोक्यावर ओतली.

आम्ही सगळे थिजलो. काका डोक्यापासून पायापर्यंत जांभळे झाले होते आणि खदखदा हसत होते. हसत हसतच ते खुर्चीवर टेकले, आणि मग एकदम रडायला लागले.

"पोरी, आमची ही गेल्यापासून मला कुणी उलट बोललंच नव्हतं बघ. ती रोज भांडायची. आता जो तो मान डोलावतो. माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल सगळे असंच गोड बोलतात ना? मला वाटायला लागलं होतं, मीही गेलोय आणि मला कुणी सांगितलं नाही."

वैशालीचे डोळे भरले होते, पण आवाज तसाच खणखणीत.

"आधी डोकं पुसा."

"नाही पुसत."

"पुसा म्हणते ना!"

"हुकूम चालणार नाही, सांगून ठेवतो."

ती टॉवेल घेऊन पुढे झाली. आणि भल्याभल्या साहेबांपुढे कधी न वाकलेल्या काकांनी मुकाट्याने डोकं तिच्यापुढे केलं.