पुढच्या सीटचं निर्लेखन

निवृत्त बाईनं काय करावं, याबद्दल आपल्या समाजात संपूर्ण एकमत आहे. विहारात किंवा देवळात जावं, नातवंडं सांभाळावीत आणि गुडघ्यांविषयी बोलावं. यातलं गुडघ्यांचं तेवढं मी मनापासून केलं आणि मग एक जीप विकत घेतली.

मी धम्मशीला. परभणी तालुक्यात गावोगाव लसी टोचण्यात माझी नोकरी सरली, आणि जी जीप आम्हाला फिरवायची तीच ही. तिच्या मागच्या भागात दोन लोखंडी बाकडी होती. डाव्यावर मी बसायची, उजव्यावर लसींची पेटी. पुढं ड्रायव्हर बन्सीधर आणि त्याच्या शेजारच्या सीटवर साहेब. साहेब नसले तर साहेबांची बॅग. बॅग नसली तर साहेबांच्या घरचं दळण. एकदा झरीच्या एका शेतकऱ्यानं साहेबांसाठी कलिंगड दिलं, ते परभणीपर्यंत पुढं बसून आलं. कलिंगडाला हादरा बसू नये म्हणून बन्सीधरनं जीप इतकी जपून चालवली, की नोकरीत पहिल्यांदाच मला मागं डुलकी लागली.

मी पुढं बसू नये, असं मला कुणी कधी सांगितलं नाही. अशा गोष्टी आपल्याकडं सांगाव्या लागत नाहीत.

पुढं जीप निर्लेखित झाली, म्हणजे सरकारच्या दृष्टीनं वारली. कार्यालयामागच्या बाभळीखाली ती उभी राहिली आणि शेळ्यांनी तिचा ताबा घेतला. माझी पेन्शन सुरू झाल्यावर बऱ्याच दिवसांनी तिचा लिलाव निघाला, तेव्हा मी जाऊन बसले. बोली माझ्यावर थांबली तेव्हा साहेबांनी चष्मा काढला.

"सिस्टर, तुमाला जीप कशाला?"

"पुढं बसायला."

सगळे हसले. मुख्य लिपिक दत्तराव हसले नाहीत. त्यांनी 'घरगुती वापरासाठी' असं लिहून शिक्का मारला.

जीप ओढून पिंगळी रस्त्यावरच्या नागनाथ मिस्त्रीच्या गॅरेजात नेली, तेव्हा माझ्या लक्षात आलं की तिला पुढची सीट नाही. म्हणजे ड्रायव्हरची होती. शेजारची, जिच्यासाठी मी हे सगळं केलं, तिच्या जागी चार भोकं होती.

"मावशी, एवढं काय त्यात," नागनाथ म्हणाला. "भंगारातून दुसरी आणतो. लय मऊ टाकतो."

माझी काहीच हरकत नव्हती. पण तोवर माझ्या मुलाचं मतपरिवर्तन झालं होतं. सिद्धोधन वालूरला शाळेत शिक्षक आहे. जीप घेतली त्या दिवशी तो "माय, भंगार कशाला घेतलंस" म्हणून जेवला नव्हता. नंतर कुणीतरी त्याला मोबाइलवर दाखवलं, की असल्या भंगाराला क्लासिक म्हणतात आणि पुण्याची माणसं त्यासाठी रांगा लावतात. तेव्हापासून 'तुझी जीप' ही 'आपली जीप' झाली, आणि सिद्धोधन जुन्या जीपवाल्यांच्या एका ग्रुपमध्ये शिरला.

"दुसरी सीट न्हाई चालायची," तो म्हणाला. "ओरिजिनलच पायजे. एक नट जरी बदलला तर ती क्लासिक राहत न्हाई, ग्रुपवाले म्हणायलेत."

"इंजिन बदलायलोय की अर्धं," नागनाथ म्हणाला.

"इंजिन आत असतंय. सीट दिसती."

सीट सापडेपर्यंत बाकीचं काम सुरू झालं. नागनाथची पद्धत अशी, की तो एक भाग खोलतो आणि पाहुण्याच्या लग्नाला जातो. तरीही हळूहळू तळाचा सडलेला पत्रा गेला, ब्रेक लागू लागले, बोनेटवरचे शेळ्यांच्या खुरांचे पोचे निघून नवा रंग लागला. एक दिवस त्यानं मला मोठ्या अभिमानानं गिअरशेजारचा छोटा दांडा ओढून दाखवला. हा ओढला की चारही चाकांना ताकद मिळते आणि जीप कसल्याही चिखलातून निघते. आमच्या वेळी तो कधी ओढला गेला नाही. त्यानं डिझेल जास्त जातं, असं साहेबांचं मत होतं. काळ्या रानात जीप रुतली, की आम्ही नर्सा उतरून ढकलायचो. नर्सांना डिझेल लागत नाही.

"आता हिला चिखलात न्यायचंच न्हाई," सिद्धोधन म्हणाला. "क्लासिक हाय ती."

सीटचा पत्ता मी लावला. ती कार्यालयात, दत्तरावांच्या खोलीत होती. तिला सागवानी पाय बसवले होते आणि तिच्यावर दत्तराव बसले होते.

"दत्तराव, ही माझ्या जीपची सीट."

"होती," दत्तराव म्हणाले. "माणसाची बदली झाल्यावर तो जुन्या ऑफिसचा राहतो का, सिस्टर? जीपचं निर्लेखन झालं, सीटचं झालं न्हाई. ती आता फर्निचर हाय."

"मग तिचंही निर्लेखन करा. मी लिलावात घेते."

"चांगल्या वस्तूचं निर्लेखन करता येत न्हाई. आधी ती खराब व्हावी लागती."

"आणि ती कधी खराब होणार?"

"मी रोज बसायलोय की. प्रयत्न चालूच हायेत."

मी अर्ज केला. अर्ज करू नये, हे मला नोकरीनं शिकवायला हवं होतं. उत्तर आलं ते असं: 'जीप' या संज्ञेत सर्व सीटांचा समावेश होतो, लिलावात दिलेल्या वाहनात एक सीट नव्हती, म्हणजे दिलेली वस्तू ही जीप नव्हती, सबब लिलाव सदोष ठरतो. तरी अर्जदारानं सदर वाहन तात्काळ कार्यालयात जमा करावं. सीट बसवून संपूर्ण जीपचा फेरलिलाव करण्यात येईल. नवा रंग लावल्यानं वाहनाची किंमत वाढली असल्याची नोंद कार्यालयानं घेतली आहे.

मी ते पत्र वाचून पाणी प्यायले. म्हणजे सीट मागितली म्हणून जीप जाणार होती.

"माय, आता आदिनाथरावांशिवाय इलाज न्हाई," सिद्धोधन म्हणाला.

आदिनाथराव हे आमच्या भागाचे नेते. कुठल्याही पदावर नाहीत, त्यामुळं सर्व कामं करू शकतात. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, डोळ्यांत पाणी आणलं आणि फोन लावला. दुसऱ्याच दिवशी दत्तरावांना नियम सापडला. सीट विकता येत नव्हती, परत करता येत नव्हती; पण प्रतिष्ठित नागरिकाला सत्कारात भेट देता येत होती. कार्यालयानं ती आदिनाथरावांना भेट द्यायची आणि आदिनाथरावांनी ती जीपला दान करायची. पत्र आपोआप रद्द.

आता आपल्याकडं दानाची एक रीत आहे. एसटी थांब्यावरचं बाकडं असो की स्मशानातलं, देणाऱ्याचं नाव त्यावर रंगवलेलं असतं. सीटच्या पाठीवर पितळी पट्टी आली: 'सौजन्य: मा. आदिनाथराव'. आणि ज्याचं नाव, त्याचा पहिला मान, हे तर शाळेतलं पोरही सांगेल.

सोहळा कार्यालयासमोरच झाला. सीटला हार घातला, नारळ फोडला, बँड वाजत असताना नागनाथनं चार बोल्ट आवळले. "एका निवृत्त भगिनीचं स्वप्न आज पूर्ण होत आहे," असं म्हणून आदिनाथराव पुढच्या सीटवर बसले. जीप झरीला निघाली, कारण झरीला त्यांचा दुसरा कार्यक्रम होता. सिद्धोधन गाडी चालवत होता. दत्तराव मागं उजव्या बाकड्यावर, पूर्वी लसींची पेटी असायची तिथं, कंबर धरून बसले. त्यांची बसायची सोयच गेली होती. डाव्या बाकड्यावर मी. मांडीवर आदिनाथरावांना मिळालेल्या शाली.

"हादरे लय बसतेत हो, सिस्टर," दत्तराव म्हणाले.

"होते सवय," मी म्हणाले. "मला तर पेन्शन लागेपर्यंत झाली."

पुढं पुलाचं काम चालू होतं. वळणरस्ता शेतातून काढलेला, आणि आदल्या दिवशी पाऊस झालेला. जीप रुतली.

"तो दांडा ओढ," मी मागून म्हणाले.

"माय, चिखल उडंल. आत्ताच पॉलिश केलंय."

आदिनाथराव मागून येणाऱ्या कार्यकर्त्यांच्या मोटारीत बसून निघून गेले. मी आणि दत्तराव उतरलो. कुठं खांदा लावायचा, पाय कसा रोवायचा, हे मी त्यांना समजावून सांगितलं. आम्ही ढकललं आणि जीप कोरड्यावर आली.

पुढची सीट आता रिकामी होती. मी पदराला हात पुसले, वळसा घालून डाव्या बाजूला गेले आणि कडीला हात घातला.

"माय, पाय बघ की गं किती भरलेत," सिद्धोधन म्हणाला. "आन ती सीट पाव्हण्यांसाठी हाय."

"आणि मी?"

"तू काय, तू तर घरचीच हायेस."

मी मागं चढले. दत्तरावांनी वर घ्यायला हात दिला. इतक्या वर्षांत त्या कार्यालयाकडून मला मिळालेली ती पहिली मदत.

जीप आता घरासमोरच्या पत्र्याच्या शेडमध्ये असते. सीटवर प्लास्टिक घातलंय. जयंतीच्या मिरवणुकीत पुढं प्रमुख पाहुणे बसतात, लग्नात नवरदेव बसतो, परवा एका सत्कारमूर्तीचा पुष्पगुच्छ एकटाच बसून आला. मला दर वेळी आठवणीनं नेतात. मालकीण आहे मी.

ही गोष्ट मी ज्यांना ज्यांना सांगते ते सगळे चिडतात. कार्यालयावर, आदिनाथरावांवर, सिद्धोधनवर तर फारच. तुम्हीही चिडला असाल, मला बरं वाटलं. फक्त पुढच्या वेळी सगळे मिळून लग्नाला निघालात, की आपल्या गाडीत मागं, मधल्या जागेवर, गुडघे आवळून आणि मांडीवर लाडवांचा डबा घेऊन कोण बसलंय, तेवढं बघा. मान वळवायची गरज नाही, समोरच्या आरशात दिसेल. आरसा मात्र थोडा फिरवून घ्यावा लागेल. सध्या त्यात तुमचंच तोंड दिसत असणार.