दोनदा भाजलेलं

आमच्या शेजारच्या शिवलिंगअप्पांकडे चहाला गेलात, तर बशीतल्या बिस्किटाला घाईनं हात लावू नका. अप्पा मनगट धरतात.

"थांबा. बिस्कुट म्हंजे काय, सांगा आधी."

तुम्हाला येत नाही, हे त्यांना ठाऊक असतं. "लॅटिनमधे 'बिस' म्हंजे दोनदा. 'कोक्टस' म्हंजे शिजवल्यालं. फ्रेंचांनी त्याचं 'बेस्कुइत' केलं, इंग्रजांनी बिस्कुट. दोनदा भाजल्यालं! एकदा भाजलं की आत ओल राहती. दुसऱ्यांदा भाजलं की जहाजावर महिनोन्‌महिने टिकतंय."

लातूरला समुद्र नाही, पण अप्पांचं जहाज रोज सुटतं. तोवर चहा गार.

त्यांचं किराणा दुकान आहे. एका बाईनं रडणाऱ्या पोरासाठी पुडा मागितला. अप्पांचं सांगून होईस्तोवर पोर झोपलं. "बगा, नुसत्या नावानं झोपलं," अप्पा खूश. गल्लीतले मुद्दाम विचारतात, "अन् खारी म्हंजे काय, अप्पा?"

"तिचं बघायलोय अजून," ते गंभीरपणे सांगतात.

इंग्रजीतला हा एकच शब्द त्यांनी धरलाय. त्यांची लेक सुनंदा नवऱ्याचं घर सोडून परत आली, तेव्हापासून.

गेल्या महिन्यात सुनंदाला बघायला नांदेडहून पाहुणे आले. मुलगा बिजवर. व्यवस्था माझ्याकडे होती. पोहे, सरबत, खुर्च्या अशी यादी केली आणि शेवटी लिहिलं: अप्पांना गप्प ठेवणे. बशीत बिस्कीट ठेवलंच नाही.

"व्हय वैनी, न्हाई बोलत," अप्पा म्हणाले, आणि खरंच सतरंजीवर गप्प बसून राहिले.

मुलाच्या आत्यानं पोह्यांची बशी खाली ठेवली. "आमच्या पोराचंबी दुसरंच हाय. तरी इचारावं लागतंय. पहिलं मोडलं, तर पोरीत कमी काय होतं?"

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. आता अप्पांनी बोलावं, बिस्किटाचं का होईना, असं मला वाटलं.

"कमी माझ्यात होतं," अप्पा म्हणाले. "पहिल्याच महिन्यात तिचा फोन आला, अप्पा, न्यायला या. मी म्हणलं, दम धर. तीन वर्षं तेच सांगत राहिलो, दम धर."

सुनंदा चहा घेऊन बाहेर आली. तिच्यासाठी मी पाहुण्यांसमोर खुर्ची मांडली होती. तिनं ट्रे ठेवला आणि अप्पांना टेकून खालीच बसली. आत्या काही म्हणणार, तेवढ्यात मुलगा खुर्चीवरून उठला आणि सतरंजीवर येऊन बसला.