कार्ब्युरेटरचा ॲव्हरेज

माझ्या कानाला जे कळतं ते कुठल्याही सेन्सरला कळत नाही, असं मी बायकोला ठणकावून सांगितलं आणि तिथेच फसलो!

वाद जुनाच. माझी स्कूटर चौदा वर्षांची, कार्ब्युरेटरवाली. उत्तराची नवी, फ्युएल इंजेक्शनवाली. तिच्यात म्हणे कॉम्प्युटर पेट्रोलचा थेंब न् थेंब मोजतो! पण माझ्याच स्कूटरवर मागे बसून उत्तराने मला लग्नाला होकार दिला होता. आता तीच म्हणत होती, "देवदत्त, भंगारात दे ती."

"शर्यत लाव! टाकी काठोकाठ भरायची, दिंडोशीला तुझ्या शुभाताईकडे जाऊन यायचं, पार्ल्याच्या पंपावर पुन्हा भरायची. मीटरवरचे किलोमीटर भागिले पेट्रोल. हरलो तर सोमवारी भंगारात!"

"ठरलं. मग रडायचं नाही हां!"

शनिवारी साकीनाक्याला बेनेडिक्ट मेकॅनिककडे गेलो. पेट्रोल कमी, हवा जास्त. आमटीत पाणी वाढवण्याइतकं सोपं! त्याने कार्ब्युरेटरचा हवेचा स्क्रू दाखवला.

"पाव वळसा सैल कर, बास. इंजिन उपाशी ठेवलंस तर वाट लागेल."

त्याची पाठ वळताच मी चांगले तीन वळसे दिले.

रविवारी सकाळी दिंडोशीपर्यंत झकास गेलो. परतताना उत्तरा पुढे निघून गेली आणि आरेच्या सिग्नलला माझी स्कूटर दोनदा शिंकली, फट् करून थांबली. वाकून पाहतो तर स्क्रूच्या जागी नुसतं भोक! स्क्रू रस्त्यात कुठेतरी पडला होता.

मी ढकलायला लागलो. एक रिक्षावाला बाटली घेऊन धावत आला.

"पेट्रोल संपलं काय, काका? घ्या ना!"

"नको!" मी टाकीवर आडवाच झालो. एक थेंब आत गेला असता तरी हिशेब बिघडला असता!

उत्तराचा फोन तीनदा वाजला. उचलला नाही. दोन तासांनी पंपावर पोचलो. ती तिथेच वाट बघत उभी होती. टाकी भरली, भागाकार केला. तिचा ॲव्हरेज बावन्न. माझा एकोणसत्तर!

"जिंकलो!" मी कसाबसा ओरडलो.

"शर्ट घामाने का निथळतोय?"

खोटं बोलायलाही दम उरला नव्हता. ढकलतानाही मीटर फिरतोच, हे मी कबूल करून टाकलं. उत्तरा हसून हसून पंपाच्या कठड्यावर बसली. मग उठून तिने जुन्या सीटवर हात फिरवला.

"हिच्यासाठी आरेपासून ढकलत आलास? वेडा आहेस रे! राहू दे ती."

मला भरूनच आलं.

सोमवारी बेनेडिक्टने नवा स्क्रू दिला. उत्तराने तो माझ्या हातातून काढून आपल्या पर्समध्ये टाकला.

"दर रविवारी शुभाताईकडे जायचं. जाताना स्क्रू लावून देईन, दिंडोशीला काढून घेईन. पोट बघ, एका फेरीत पट्टा एक भोक आत गेलाय!"

तर मंडळी, कार्ब्युरेटर जिंकला. येत्या रविवारसाठी मी पाण्याच्या दोन बाटल्या भरून ठेवल्या आहेत.