इवलीच्या भीतीची तयारी

एका जंगलात एका खारीची झोप चार दिवसांपासून उडाली होती.

बाळांनो, तुम्हाला वाटेल, साप आला असेल, नाहीतर वणवा लागला असेल. तसं काही नव्हतं. तिला एका सुईची काळजी लागली होती. आणि ती सुईसुद्धा तिला टोचायची नव्हती.

या खारीचं नाव मृण्मयी. ती शिकलेली होती. म्हणजे कोणत्या गोष्टीची किती काळजी करायची, याची तिला सविस्तर माहिती होती.

तिला एक मुलगी होती, इवली. इवलीला महिनाभर चक्कर येत होती. दोनदा ती फांदीवरून पडली. पहिल्यांदा खाली पाचोळा होता, दुसऱ्यांदा चिखल. तिसऱ्यांदा खाली काय असेल ते सांगता येत नाही, असं अस्वल डॉक्टर म्हणाले. त्यांनी रक्त तपासायला सांगितलं. पाच दिवसांनी, उपाशीपोटी, सूर्य टेकडीवर चढायच्या आत. त्याशिवाय औषध ठरणार नव्हतं.

त्या जंगलात रक्त काढायचं काम गोदाक्का नावाची साळिंदर करायची. तिच्या अंगावर सुयाच सुया. एक वापरायची, टाकून द्यायची, पुढच्याला दुसरी.

मृण्मयीला सुई बघूनच घाम फुटायचा. इवलीच्या वेळी दिवस गेले होते तेव्हा तिचं रक्त काढायला तिघांनी तिला धरलं होतं. चौथा धरायला आला, त्याला ती चावली होती. आपल्या मुलीचं असं होऊ नये, एवढंच तिला वाटत होतं. यात काही चूक नाही. मलाही असंच वाटलं असतं. पुढचं मी केलं नसतं, असं म्हणायचा मोह होतो, पण नको.

तिनं इवलीला जवळ घेतलं आणि हळुवार आवाजात सांगितलं, की आपल्याला रक्त द्यायला जायचं आहे.

"बरं," इवली म्हणाली, आणि शेंग कुरतडत राहिली.

इथेच सगळं संपलं असतं. पण मृण्मयी चिंतेत पडली. मुलगी घाबरली कशी नाही? मनात काही दाबून तर ठेवत नसेल?

म्हणून ती कोकिळा मॅडमकडे गेली.

कोकिळा मॅडम या जंगलातल्या पालकत्वाच्या सर्वांत मोठ्या तज्ज्ञ. त्यांची अंडी कावळिणीच्या घरट्यात वाढत असल्यामुळे त्यांना अभ्यासाला भरपूर वेळ मिळत असे. त्यांचा आवाज इतका गोड होता, की त्या काय म्हणाल्या हे कुणी परत विचारायचं नाही.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि डोळे मिटले. त्या म्हणाल्या, की मूल शांत आहे हे लक्षण बरं नाही. भीती आत खोल गेली आहे. आधी ती बाहेर काढावी लागेल, म्हणजे मग घालवता येईल.

"आणि आत नसेलच तर?" मृण्मयीनं विचारलं. शिकलेली असली तरी अधूनमधून तिला असं काहीतरी सुचायचं.

"तर मग मृण्मयीताई, तुम्ही नीट पाहिलेलं नाही," मॅडम गोड आवाजात म्हणाल्या.

झालं. मृण्मयीनं त्याच दिवशी नीट पाहायला सुरुवात केली.

पहिल्या दिवशी घरात 'सुई' हा शब्द बंद झाला. 'चमचमती काडी' म्हणायचं ठरलं. इवलीला काहीच कळलं नाही, पण आपल्यासमोर सगळे अडखळून बोलतात हे तिच्या लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी इवलीकडून भीतीचं चित्र काढून घ्यायचं होतं. तिनं एक भोपळा काढला. मृण्मयीनं तो घेऊन मॅडमकडे धाव घेतली. मॅडम बराच वेळ भोपळ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, की प्रकरण वाटलं त्यापेक्षा गंभीर आहे.

तिसऱ्या दिवशी सराव. फुलाचा वास घेतल्यासारखा श्वास आत, सावरीचा कापूस उडवल्यासारखा श्वास बाहेर. मग नाटक. बाबा झाले रुग्ण. मृण्मयीनं डोळे गच्च मिटून बाभळीचा काटा हातात घेतला आणि अंदाजानं टोचला. अंदाज चुकला. बाबा झाडाच्या तीन फांद्या वर गेले आणि जे बोलले, ते मी तुम्हाला सांगणार नाही. त्यानंतर ते दोन दिवस उभ्यानंच जेवत होते.

त्या संध्याकाळी इवलीनं हळूच विचारलं, "आई, चमचमती काडी बाबांच्या काट्याएवढी असते का?"

मृण्मयीच्या डोळ्यांत पाणी आलं. भीती बाहेर आली होती. तिनं लगेच मॅडमना कळवलं. मॅडमनी अभिनंदन केलं.

चौथ्या दिवशी इवली ढोलीच्या कोपऱ्यात जाऊन बसली ती बाहेर येईना. भीती आता इतकी बाहेर आली होती, की इवलीला आतच राहावं लागत होतं.

पाचव्या दिवशी पहाटे सगळे निघाले. बाबा लंगडत पुढे, मृण्मयी इवलीला ओढत मागे, आणि वरून कोकिळा मॅडम, धीर द्यायला.

मॅडमनी गोदाक्काला आधीच निरोप धाडला होता, की मुलीला सुया दिसता कामा नयेत. आता साळिंदरीनं सुया लपवायच्या म्हणजे स्वतःलाच लपवायचं. गोदाक्का कुरकुरली, पण आईचं मन म्हणून तिनं अंगभर पळसाची पानं खोचून घेतली. पानांना खोचायला जागा भरपूर होती.

इवलीनं पाहिलं, तर समोर एक झुडूप बसलेलं. झुडपाला डोळे होते. झुडूप म्हणालं, "ये गं बाय."

इवली हात सोडवून समोरच्या सागावर चढली.

सूर्य टेकडीच्या खांद्याला लागला होता. बाबा म्हणाले, मी जातो वर. मॅडम म्हणाल्या, अजिबात नाही, मुलीला तिची वेळ घेऊ द्या. मृण्मयी फुलाचा वास घेत होती आणि कापूस उडवत होती. सहा-सात वेळा उडवला, तरी काही झालं नाही.

मग वर इवलीला चक्कर आली. तिची नखं सुटली. ती खोडावरून घसरत, दोन ठिकाणी आपटत, खाली आली. खाली काय होतं? या खेपेला दगड होता. पण गोदाक्का आधीच तिथे पोचली होती आणि दगड पाठीखाली घेऊन, मऊ पोट वर करून आडवी झाली होती. इवली त्या पोटावर पडली.

गोदाक्का उठली. अंग झाडलं. सगळी पानं गळून पडली आणि सगळ्या सुया दिसल्या.

"टोचेल का?" इवलीनं विचारलं.

"टोचंल की."

"लई?"

"धा म्हणेपर्यंत. मग न्हाई."

"मी रडले तर?"

"रड. पन हात हलवू नगं. हलवलास तर परत टोचावं लागंल."

वर मॅडमनी डोक्याला पंख लावला. मुलांशी असं कुणी बोलतं का?

इवलीनं हात पुढे केला. ती मोठ्यानं रडली आणि रडता रडता मोजत राहिली. हात हलला नाही. चार म्हणताना मागे धप्प आवाज झाला. ती मृण्मयी होती. आठला सगळं आटोपलं. मग सगळ्यांनी मिळून मृण्मयीच्या तोंडावर पाणी मारलं.

त्या महिन्यात कोकिळा मॅडमनी 'इवलीचा प्रवास' या विषयावर तीन व्याख्यानं दिली. गोदाक्काचा उल्लेख 'काही अप्रशिक्षित घटक' असा होता.

रक्त काढल्यावर दोन दिवसांनी अस्वल डॉक्टरांनी निकाल सांगितला. इवलीचं रक्त कमी पडत होतं. औषध मिळालं, महिन्याभरात चक्कर थांबेल म्हणाले. मग त्यांनी चष्मा वर केला. हा आजार बहुधा आईकडून येतो, ते म्हणाले. तेव्हा मृण्मयीताईंचंही रक्त आजच बघू. गोदाक्का बाहेरच बसली आहे.

मृण्मयीचे कान मागे गेले. ती म्हणाली, हो, बघायलाच हवं, नक्कीच, पण आज नको. पुढच्या आठवड्यात. आधी मनाची थोडी तयारी करते, मॅडमशी एकदा बोलून घेते, श्वासाचंही पुन्हा एकदा बघते.

इवलीनं आईचा हात धरला आणि ती तिला दाराकडे ओढायला लागली.

"सुई एवढीशीच दुखते, आई," ती म्हणाली. "तयारी फार दुखते."

तात्पर्य : आपल्या मुलाला सुईची भीती वाटत नसेल, तर पालकांनी खचून जाऊ नये. तज्ज्ञांचं मार्गदर्शन, पुरेसा सराव आणि घरातल्या सर्वांची साथ मिळाली, तर चार दिवसांत फरक दिसतो.