चपलांच्या स्टँडचे एकतीस फोटो

आधीच सांगतो, फोन-कॉम्प्युटरच्या बाबतीत मी कुणाला हार जात नाही! वय एकसष्ट, पण कोपरीतल्या आमच्या सोसायटीच्या नोटिसा फोनवर धाडायला सुरुवात केली ती मीच. सहा वर्षं सचिव आहे, उगाच नाही!

त्या रविवारी अकराला सर्वसाधारण सभा होती. पहिलाच विषय : शेजारच्या विठ्ठलरावांचा जिन्यातला चपलांचा स्टँड. जिन्यात चपला ठेवायच्या नाहीत हा नियम मीच केलेला. आमच्या दाराबाहेर कधी एक चप्पल दिसली तर शपथ! बुधवारी यावरून आमचं कडाक्याचं वाजलं. मी तावातावाने म्हणालो, "आजपासून तुमच्या घरची चिमूटभर साखरसुद्धा नको मला!" आणि लगेच ग्रुपवर जाहीर केलं, 'रविवारी पुराव्यानिशी सिद्ध करीन, नाहीतर राजीनामा देईन.'

पुरावा फोनमध्ये तयार होता. स्टँडचे एकतीस फोटो, समोरून, बाजूने, पायरीवर उकिडवं बसून, शिवाय एक जळजळीत भाषण. ते लॅपटॉपवर घ्यायचं आणि खाली ऑफिसातल्या टीव्हीवर लावायचं, एवढंच काम.

"अहो, केबल शोधून देऊ का?" बायको, म्हणजे वासंती, स्वयंपाकघरातून म्हणाली.

"केबल? कुठल्या जमान्यात आहेस! फाइल हल्ली हवेतून जाते!"

दहा वाजून दहा मिनिटांनी मी फोनवर 'पाठवा' दाबलं. 'होम-पीसी' हे आमच्या लॅपटॉपचं नाव दिसलं. त्यावर बोट ठेवलं. 'समोरून होकाराची वाट बघत आहे.' मग होकार आला आणि 'पाठवले' अशी हिरवी खूणही आली! भिंतीपलीकडे टुंग वाजलं. लॅपटॉपवर मात्र शून्य.

"होकार कुणी दिला? तू काही दाबलंस का गं?"

"मी पोळ्या लाटतेय!"

पुन्हा पाठवलं. होकार. हिरवी खूण. टुंग! "रविवारी सकाळीसुद्धा या विठ्ठलाचं टुंगटुंग चालूच!" मी भिंतीकडे बघून ओरडलो.

साडेदहा वाजले. पुण्याला मुलीला, देवयानीला, फोन लावला.

"बाबा, दोन्ही एकाच वाय-फायवर आहेत ना?"

"घरात वाय-फाय एकच आहे!"

"पण बघितलंस का?"

"त्यात बघायचं काय!"

"मग व्हॉट्सअ‍ॅपवर पाठव ना."

"फोटो धूसर होतात. पुरावा आहे हा!"

राउटर बंद करून चालू केला. लॅपटॉपचा फायरवॉल उडवला. तिसऱ्यांदा पाठवलं. टुंग! मग वाटलं, फोन गच्च भरलाय म्हणूनच अडत असणार. नाहीतरी 'पाठवले' असं आलंय, म्हणजे लॅपटॉपात कुठेतरी असतीलच! मी फोनमधले एकतीसच्या एकतीस फोटो आणि भाषण पुसून टाकलं. कचरापेटीसुद्धा रिकामी केली.

लॅपटॉपचा कोपरान्‌कोपरा धुंडाळला. काही नाही. पावणेअकराला वासंतीने केबल आणून हातात दिली. आता केबल काय चाटायची? सहा वर्षांचं सचिवपद चाललं!

एवढ्यात बेल वाजली. दारात विठ्ठलराव. हातात पेनड्राइव्ह.

"सेक्रेटरीसाहेब, तुमचे फोटो आमच्याकडे आलेले. तीन-तीन वेळा! मी आपला 'येस' दाबत बसलेलो, म्हटलं गावाहून भावाने धाडले असतील. तुमचा फोन अजून आमच्याच वाय-फायवर असतो वाटतं?"

डोक्यात लख्ख उजेड पडला. दोन वर्षांपूर्वी गणपतीत आमचं इंटरनेट बंद पडलं होतं. विठ्ठलरावांच्या मालनवहिनी आमची लाडवांची वाटी परत द्यायला आल्या, आणि रिकामी कशी द्यायची म्हणून वाटीत पासवर्डची चिठ्ठी घालून दिली. तेव्हापासून माझा फोन इमानेइतबारे शेजारीच नांदत होता! त्यात दोघांचे लॅपटॉप नाक्यावरच्या नाथाच्याच दुकानातले, आणि त्या आळशाने दोन्हींचं नाव ठेवलं होतं 'होम-पीसी'.

"भाषण... वाचलंत?" मी चाचरत विचारलं.

"वाचलं ना. 'सोसायटीला लागलेली कीड' जरा जास्तच झालं, नाय का?" ते म्हणाले. "घ्या हा. पुरावा नसला तर राजीनामा द्यायला लागेल तुम्हाला."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण खुर्ची वाईट हो! पेनड्राइव्ह घेतला, पायात चपला सरकवल्या आणि खाली धावलो.

टीव्हीवर फोटो झळकला. "बघा!" मी गरजलो. "वरच्या कप्प्यात बूट! मधल्या कप्प्यात सँडल!"

"आणि खालच्या कप्प्यात?" अध्यक्षा कलावतीताईंनी चष्मा सारखा केला. "अंगठ्याला हिरवा पट्टा लावलेल्या त्या चपला कुणाच्या?"

मी फोटो मोठा केला. पुढचा लावला. त्याच्या पुढचा. एकतीसही फोटोंत त्या होत्याच. सगळी सभा हळूहळू माझ्या पायांकडे बघू लागली. मीही बघितलं.

आमच्या दाराबाहेर एकही चप्पल नसते ती का, हे मलाच तेव्हा उमगलं! वर्षानुवर्षं पाय आपोआप विठ्ठलरावांच्या स्टँडकडे वळत होते.

"सिद्ध झालं हो," कलावतीताई म्हणाल्या, "पण कुणाविरुद्ध?"

संध्याकाळी पेनड्राइव्ह परत करायला निघालो, तर वासंती म्हणाली, "अहो, रिकामा नका देऊ. बरं दिसत नाही."

रिकामा कुठला? माझा राजीनामा होता की त्यात! सभेने निवडलेले नवे सचिव विठ्ठलरावच आहेत ना.