विद्यापीठातली बोलकी थाळी

गोष्ट गुपचूप कशी सांगायची, हे माझ्याकडून शिकावं! आमच्या शिरोड्याच्या घरात कुजबुजायची सोयच नाही. माझ्या सासूबाई चंद्रावती यांचे कान असे, की परसात कोणी फणसाचा गरा फोडला तरी माजघरातून विचारतात, "माझो वाटो खंय?" फेब्रुवारीतल्या आंगणेवाडीच्या जत्रेनंतर त्या मसुऱ्याहून 'दोन दिवस' आल्या. आता मे महिना! माझी खाट त्यांच्याकडे, टीव्हीचा रिमोट त्यांच्याकडे, सुरमईचं डोकंही त्यांच्याकडे!

म्हणून मी बेत आखला. लेक रियाला विद्यापीठातलं विज्ञान संग्रहालय बघायचंच होतं. घाट चढून तिथं जायचं आणि बायकोला, सुगंधाला, कोपऱ्यात गाठून विषय काढायचा. सासूबाई संग्रहालयात कशाला येतील!

गाडीत सगळ्यांच्या आधी त्याच बसल्या. पुढच्या सीटवर!

तिथल्या बागेत समोरासमोर दोन प्रचंड थाळ्या उभ्या होत्या; मधे अख्खं मैदान. माहिती सांगणारी विद्यार्थिनी अनुजा म्हणाली, "काका, या थाळीत तोंड घालून हळूच बोला. फक्त पलीकडच्या थाळीपाशी ऐकू येईल. मधल्या कुणालाही नाही!"

देव पावला! सुगंधाला पलीकडे पिटाळलं आणि थाळीत डोकं खुपसलं.

"सुगंधा, गो, आईंका आता मसुऱ्याक पोचवया. जमनीर निजान माझी पाठ मोडली! तूच सांग, माझा नाव घेव नको."

थाळीतून उत्तर आलं, "बरा, जावयबापू. तुमचा नाव घेवचंय नाय."

वळून बघतो तो पलीकडच्या थाळीच्या पायरीवर टेकलेल्या सासूबाई! सुगंधाला रियानं वाटेतच वाकड्या आरशांकडे ओढून नेलं होतं.

मी मैदानातून धावत सुटलो. "आई, ती थाळी बिघडलीहा! भलत्याचाच बोलणा ऐकाक येता!"

"छे हो काका!" अनुजा उत्साहानं ओरडली. "अगदी स्पष्ट येतं! आजी, काय ऐकलंत ते सगळ्यांना सांगा ना!"

हां हां म्हणता गर्दी जमली. त्यात सुगंधाही! मला असा घाम फुटला, जसा पेजेच्या झाकणाला.

"जावय म्हणतंत," सासूबाई सावकाश म्हणाल्या, "आईंका जास्त चलवू नको, दमतली."

लोकांनी टाळ्या वाजवल्या! लग्नानंतर पहिल्यांदाच सुगंधा माझ्याकडे कौतुकानं बघत होती. मला मात्र त्या थाळीत शिरून झाकण लावून घ्यावंसं वाटत होतं!

परतताना घाटात चहाला थांबलो. सासूबाईंनी मला बाजूला बोलावलं. आता मेलो!

"आई, चुकला माझा..."

"गप ऱ्हवा! म्हयनोभर माका घराक जावचा आसा. थंय बागेत काजू गळान गेले असतले. पण माझा चेडू, सुगंधा, सोडणा नाय. आणि जातंय म्हटला तर तुमका वाईट वाटात, म्हणान मी गप!"

छातीवरून भरलेला डंपर उतरावा तसं हायसं वाटलं! डोळ्यांत पाणीच आलं. "मग उद्या?"

"उद्या नको. लोक म्हणतले, जावयान घालवल्यान. परवा."

मी घाईघाईनं मान हलवली. चहा संपवून कप माझ्या हातात देत त्या म्हणाल्या, "पण जावयबापू, येवढा सांगूक घाट कशाक चढवलास? घराच्या वसरीर सांगलास असतास तरी चलला असता!"