सासूबाईंचे तीन तारे

घर वर, बटणांचं दुकान खाली आणि दोन्हींच्या किल्ल्या सासूबाईंच्या कमरेला. परवा शिडीवरून डबा काढताना त्यांना घेरी आली, तेव्हा मुलाने फर्मान काढलं: आई आणि बायको, दोघींचं रक्त तपासायचं. जिचं चांगलं निघेल तिने दुकान सांभाळायचं, दुसरीने आराम करायचा. सासूबाई लगेच कबूल झाल्या. आपलं रक्त जुन्या काळातलं, त्यात खोट कसली निघणार?

रिपोर्ट आले तेव्हा मुलगा माल आणायला परगावी गेला होता. सासूबाईंना इंग्रजी येत नसलं तरी आकडे येत होते. वयावरून त्यांनी आपला कागद ओळखला. त्यावर तीन आकड्यांपुढे तारे होते. सुनेच्या कागदावर शोधूनही एक सापडला नाही. शाळेत त्या दोनच वर्षं टिकल्या होत्या, पण बाई कोणाच्या पाटीवर तारा काढतात हे काही विसरल्या नव्हत्या.

"आई, तो तारा म्हणजे..." सून म्हणाली.

"ठाऊक आहे मला. जळू नये माणसानं. रक्त बिघडतं."

त्या दिवसापासून सुनेवर सक्तीचा आराम लादला गेला. बीट, पालक, खजूर, सगळं तिच्या पुढ्यात. सांगायला ती तोंड उघडी, की सासूबाई त्यात खजूर कोंबत. इकडे गिऱ्हाइकांना बटणांआधी रिपोर्ट दिसू लागला. शेजारची शिंपीण म्हणाली, मलाही गेल्या वर्षी दोन मिळाले होते. दोनही काही कमी नाहीत, असा सासूबाईंनी तिला धीर दिला.

आठव्या दिवशी जिन्याच्या सातव्या पायरीवर त्या धापा टाकत बसल्या, त्या उठेचनात. सुनेने तोंडातली खजुराची बी काढली आणि सरळ सांगायचा नाद सोडला.

"आई, एवढे तारे घरात ठेवून काय उपयोग? डॉक्टरांना दाखवायला नकोत?"

हे मात्र पटलं.

डॉक्टरांनी कागद पाहिला, मग सासूबाईंची खालची पापणी ओढून पाहिली. "आजी, आकडा हद्दीबाहेर गेला की यंत्र तारा मारतं. हिमोग्लोबिन बारा तरी हवं, तुमचं आठ आहे. तांबड्या पेशी कमी, आणि आहेत त्याही लहान."

पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट ठीक होत्या. त्या बिचाऱ्यांना एकही तारा नव्हता. रक्त कशाने कमी झालं ते शोधायचं, तोवर लोहाच्या गोळ्या घ्यायच्या आणि शिडीकडे फिरकायचं नाही, असं ठरलं.

घरी मुलगा परतला होता. डॉक्टर काय म्हणाले, असं त्याने विचारलं.

सासूबाईंनी कमरेच्या किल्ल्या सोडून सुनेच्या हातात दिल्या आणि खजुराचा डबा आपल्याकडे ओढला.

"महिन्यानं पुन्हा तपासायचंय. या खेपेला एकही तारा आणू नका, म्हणाले." त्यांनी एक खजूर तोंडात टाकला. "दुसऱ्यांनाही मिळू देत कधीतरी."